ओढून खावयाचा पाव

पाहुण्यांना घरीं बोलावणें सोपें. त्यांना काय वाढावें हें ठरविणें कठीण. त्यांतून पाहुणा सख्खा थोरला भाऊ असेल आणि अकरा वर्षांत त्यानें आपल्या घरचें पाणीही घेतलेलें नसेल, तर तो प्रश्न स्वयंपाकघरापुरता राहत नाहीं. पुरणपोळी करावी तर ती समेटाची लांच वाटावयाची. साधें पिठलें करावें तर तो अपमान व्हावयाचा. या पेंचांतून दादांच्या सात वर्षांच्या नातीनेंच आमची सुटका केली. तिनें फोनवरून बजावलें, "धाकटे आजोबा, रविवारीं मी आजी-आजोबांना घेऊन येणार आहे. आम्हांला तो ओढून खायचा पाव करा. आंत चीज पाहिजे." आजोबांना विचारलें होतें कीं नाहीं, हें तिनें सांगितलें नाहीं, आम्हींही विचारलें नाहीं.

हा पाव म्हणजे काय, हें ज्यांच्या घरीं अशा नाती नाहींत त्यांना सांगावयास हवें. आंबविलेल्या मैद्याचे लिंबाएवढे गोळे करावयाचे, प्रत्येकाच्या पोटांत चीजचा तुकडा दडवावयाचा, गोळे वितळलेल्या लोण्यांत घोळावयाचे आणि एका भांड्यांत एकमेकांना खेटून मांडून भाजावयाचे. भाजल्यावर त्यांचा एकच डोंगर होतो. त्याला सुरी लावावयाची नाहीं. भोंवतीं बसलेल्यांनीं ज्याचा त्यानें आपला गोळा ओढून घ्यावयाचा. हा पदार्थ पाश्चात्य खरा. पण आम्हांला तो ओळखीचा वाटला. आपली पावाची लादी तरी दुसरें काय आहे?

पाव हा शब्दच मुळीं पोर्तुगीज. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें. त्यांच्यामागून भट्टीचा पाव आला आणि गोव्याच्या पोदेरांनीं तो माडाच्या सुरेवर आंबविला. परक्यानें आणलेला, परक्या हातांनीं मळलेला आणि वर सुरेनें फुगलेला हा पदार्थ सोंवळ्याच्या स्वयंपाकघरांत कसा शिरावा? १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें पुढें आलेल्या नुसत्या चहा-बिस्किटांवरून केवढें ग्रामण्य माजलें! टिळक आणि रानडे यांनाही त्यापायीं प्रायश्चित्त घ्यावें लागलें. त्या वादळाला सत्तर वर्षें उलटून गेल्यावरही आमच्या आजीच्या राज्यांत पाव ओसरीच्या आंत येत नसे.

तो ओसरीवर मात्र येई. वडील संध्याकाळीं वर्तमानपत्रांत गुंडाळलेली अर्धी लादी आणीत आणि आम्ही दोघे भाऊ पायरीवर बसून ती चहांत बुडवून फस्त करीत असूं. लादीच्या कडेच्या पावाला जाड, करपट कवच असे; मधला पाव कापसासारखा मऊ. दादा कड स्वतःकडे ओढीत आणि मधला आमच्या हातावर ठेवीत. "मला कडच आवडते," असें ते म्हणत, आणि आम्हीं तें खरें मानलें होतें. मनुष्याला जें सोयीचें असतें तें तो फार चिकित्सा न करतां खरें मानतो.

पुढें वाडा पाडून इमारत झाली आणि वांटणी झाली. दादांच्या वांट्याला रस्त्याकडची हवेशीर बाजू आली; आमच्या वांट्याला मागची, शेजारच्या भिंतीकडे पाहत बसणारी. त्यावरून जे शब्द गेले ते येथें लिहिण्यासारखे नाहींत. एका जिन्यानें चढणारीं दोन कुटुंबें तेव्हांपासून लग्नाकार्यांतही निरनिराळ्या पंगतींना बसूं लागलीं.

असो. पावाकडे वळूं. रंगीत तालीम म्हणून शनिवारीं आम्हीं एकदां तो करून पाहिला आणि सपशेल आपटलों. यीस्ट ही सजीव वस्तु आहे, हें पाश्चरनें दीडशें वर्षांपूर्वींच दाखवून दिलें आहे. सुमारें ६० अंशांच्या उष्णतेंत ती मरते. आम्हीं तिला उकळत्या दुधांत लोटलें. चार तासांनंतरही गोळा होता तेथें, होता तेवढाच, पाट्यावरच्या वरवंट्यासारखा निवांत पडून होता. गृहिणीनें एक शब्दही न बोलतां त्याच्या दशम्या लाटल्या. तिचें न बोलणें बोलण्याहून प्रभावी असतें.

रविवारीं ५०० ग्रॅम मैदा, ३०० मिलिलिटर दूध, ७ ग्रॅम कोरडें यीस्ट, दोन चमचे साखर, १० ग्रॅम मीठ आणि ५० ग्रॅम लोणी घेतलें. दूध या खेपेस बोटाला जेमतेम कोमट लागेल इतपतच तापविलें. दहाबारा मिनिटें मळल्यावर कणीक ताणली तरी तुटेना. ओल्या फडक्याखालीं दीड तासांत ती दुप्पट फुगली, तेव्हां आमचीही छाती थोडी फुगली. चीजविषयीं मात्र मतभेद झाला. गृहिणीचा कौल पनीरला; पण आंबट घालून फाडलेल्या दुधाचें पनीर उष्णतेनें वितळत नाहीं. बाजारच्या चौकोनी चीजवड्या मऊ होतात, पण त्यांना तार येत नाहीं. मोझरेला चीजचा चोथा गरम पाण्यांत ताणताणून केलेला असतो. ओढतांना लांबते ती तार त्याची. शेवटीं तेंच ठरलें. गोळ्यांचीं तोंडें बंद करण्याचें काम मात्र गृहिणीनें आमच्या हातून काढून घेतलें. मोदकाला पाऱ्या घालणाऱ्या बोटांना तें कोणी शिकवावें लागत नाहीं. आम्हीं आधीं मिटलेले दोन गोळे पुढें भट्टींत फुटले, तिचे चौदा शाबूत राहिले. एवढ्यावरून वाचकांनीं काय तें समजावें.

लसूण-कोथिंबीर घातलेल्या लोण्यांत गोळे घोळतांना एक गोष्ट ध्यानांत आली. हे गोळे अर्धा तास पुन्हां फुगणार, १८० अंशांवर अर्धा तास एकत्र भाजणार, एकमेकांत घुसणार. आणि तरीही न फाटतां सुटे होणार. कां? तर मध्यें लोण्याचा हात फिरलेला असतो. आमच्या वांटणीचे कागद वकिलांनीं चोख केले होते. हा हात फिरवावयाचें कोणालाच सुचलें नाहीं.

सायंकाळीं मंडळी आली. दादा खुर्चींत बसून आमचेंच वर्तमानपत्र वाचूं लागले. वहिनींनीं गृहिणीच्या हातीं फुलें दिलीं आणि दोघीही एकदम चहाविषयीं बोलूं लागल्या. पाव मेजावर ठेवला तसा नातीनें हात घातला. चीजची तार तिच्या कोपरापर्यंत लांबली. तिनें सर्वांना दम दिला, "बशींत वाढायचा नाहीं! ज्यानें त्यानें ओढायचा!" आमच्याकडे ज्याचें त्याचें पान निराळें, एका भांड्यांत साऱ्यांनीं हात घालणें म्हणजे उष्ट्याचा गोंधळ. दादा क्षणभर थबकले. मग त्यांनीं वर्तमानपत्राची घडी केली, हात पुढें केला आणि अगदीं मधला गोळा ओढून आमच्या बशींत ठेवला. स्वतःसाठीं त्यांनीं कडेचा घेतला.

"दादा, तुम्हांला अजून कडच आवडते?" आम्हीं विचारलें.

दादा कांहीं बोलले नाहींत. वहिनीच हंसून म्हणाल्या, "कसली आवडते, भावजी! लग्न झाल्यापासून पाहतें आहें, पावाचें कवच सोलून बाजूला ठेवतात. लहानपणापासून आवडत नाहीं म्हणे."

मधला गोळा मऊ होता. तो गिळावयास आम्हांला थोडा वेळ लागला.

निघतांना उरलेले चार गोळे गृहिणीनें वहिनींच्या हातीं एका डब्यांत दिले. ते सकाळीं तव्यावर झांकण ठेवून गरम करावे, असेंही सांगितलें. या गोष्टीला आज तीन दिवस झाले. डबा अजून परत आलेला नाहीं. पण त्याची आम्हांला काळजी नाहीं. दुसऱ्याचा डबा रिकामा पाठवूं नये, हें आईनें आम्हां दोघांनाही एकाच ओसरीवर शिकविलें आहे.