नऊ नंबर कुठे आहे?

मुलांनो, तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात महाराष्ट्राचा नकाशा असेल ना? त्यातला रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांचा किनारा जरा निरखून बघा. सरळ रेघ कुठे दिसते का? छे! जागोजागी समुद्र आत शिरलेला दिसेल. त्या खाड्या. आणि दोन खाड्यांच्या मध्ये थेट पाण्यापर्यंत उतरलेले डोंगर. अशा किनाऱ्यावरून सायकलने जायचं म्हणजे काय गंमत असते सांगू? खाडी आली की झक्क उतार आणि खाडी ओलांडली रे ओलांडली की दम काढणारा चढ!

डिसेंबर २०१९ मध्ये आम्ही चौदा जण अलिबागहून गुहागरला असे निघालो होतो. पाच दिवसांची सहल. कोण कोण होतं? साताऱ्याचे एक निवृत्त पोस्टमनकाका, नाशिकच्या कॉलेजात शिकणाऱ्या दोघी बहिणी, माणगावला सायकल दुरुस्तीचं दुकान असलेले एक काका, श्रीवर्धनचा सुपारीच्या वाडीत राबणारा एक दादा, वडिलांबरोबर आलेला आठवीतला एक मुलगा आणि मी, प्राथमिक शाळेतली बाई. बाकीचे मुंबई-पुण्याचे. बहुतेकांनी एकमेकांची तोंडंही आधी पाहिली नव्हती.

पहिल्याच सकाळी पोस्टमनकाकांनी प्रत्येकाला एक नंबर दिला. मी चार, दुकानवाले काका सहा, श्रीवर्धनचा दादा नऊ, आठवीतला मुलगा चौदा. कुठेही थांबलो की आपापला नंबर मोठ्याने ओरडायचा. एक! दोन! तीन! शाळेतली हजेरीच म्हणा ना! एखादा नंबर आला नाही, तर तो येईपर्यंत कोणी पुढे जायचं नाही.

रेवदंड्याचा पूल ओलांडून आम्ही कोर्लईला आलो. डोंगरावर पोर्तुगीजांचा किल्ला आणि पायथ्याच्या गावात एक आगळी बोली. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिसळणीतून ती तयार झाली आहे. पुढे काशीद, मग मुरूड. समुद्रात ठाण मांडून बसलेला जंजिरा पाहिला आणि आगरदांड्याला फेरीबोटीत सायकली चढवल्या. बोटीत पुन्हा हजेरी! पलीकडे दिघी, मग दिवेआगर आणि नारळी-पोफळीच्या सावलीतलं श्रीवर्धन. पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं हे मूळ गाव. इथली ‘रोठा’ सुपारी नावाजलेली. रात्री दादाच्याच अंगणात आम्ही जेवलो. त्याच्या आईने सोलकढी इतकी आग्रहाने वाढली की विचारू नका!

हरिहरेश्वर करून बागमांडल्याला सावित्रीची खाडी बोटीने ओलांडली, की रत्नागिरी जिल्हा लागतो. केळशी, आंजर्ले, हर्णै. हर्णैसमोर सुवर्णदुर्ग आणि बंदरावर मासळीचा लिलाव. शेवटी दाभोळला वाशिष्ठीची खाडी बोटीने पार करून धोपाव्याला उतरलो आणि गुहागर गाठलं.

समोरून वारा येऊ लागला, की पोस्टमनकाका आम्हांला एकामागे एक चालवायचे. पुढचा सायकलस्वार वारा कापतो, म्हणून मागच्यांच्या पायांना जोर कमी लागतो. पण पुढचा दमतो ना! मग थोड्या थोड्या वेळाने तो मागे जायचा आणि दुसरा पुढे यायचा. आठवीतला मुलगाही पुढे राहिला, बरं का! पाच दिवस असे एकमेकांच्या आडोशाने चाललो आणि अनोळखी माणसं घरची कधी झाली ते कळलंच नाही.

पण मुलांनो, खरी गोष्ट इथून पुढे आहे.

सहल संपली की काय होतं, ते तुम्हांला ठाऊक आहेच. शिबिराच्या शेवटच्या दिवशी सगळे गळ्यात पडतात. “फोन कर हं!” “विसरू नकोस हं!” आठवडाभर फोटोंची देवाणघेवाण होते. महिन्याभराने एखादा ‘सुप्रभात’ येतो. मग सामसूम. कोणी रुसलेलं नसतं, भांडलेलं नसतं. सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं, इतकंच. रस्त्यावर पंक्चर, चढ, तहान अशी सारखी कामं होती, म्हणून बोलणं होतं. काम संपलं, बोलणंही संपलं!

म्हणून गुहागरच्या किनाऱ्यावर, सगळे एकत्र असतानाच, आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाने फोनवर आपला नंबर कळवायचा. जमल्यास गावची एक खबर सांगायची, नाहीतर नुसता नंबर. दोन, दर महिन्याला एकाने ‘पुढे’ राहायचं. कोणाचा नंबर आला नाही हे त्या महिन्यात त्याने बघायचं. वाऱ्यात पाळी बदलत होतो ना, अगदी तशीच पाळी!

पोस्टमनकाकांनी सगळ्यांचे पत्ते पिनकोडसह एका वहीत उतरवून घेतले. फोन हरवतो, नंबर बदलतो. पत्ता टिकतो, असं त्यांचं म्हणणं. पिनकोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला आणि तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. गुहागरचा पिनकोड ४१५७०३. यातला पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा विभाग. पहिले तीन आकडे मिळून टपाल कुठल्या जिल्ह्याकडे वळवायचं ते कळतं आणि शेवटचे तीन आकडे नेमकं पोस्ट ऑफिस सांगतात. आहे की नाही मजा?

जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. नंबर येत राहिले. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि सगळे घरात अडकले. तेव्हा तर त्या पहिल्या रविवारची वाट पाहणं हाच एक विरंगुळा झाला.

मग आलं निसर्ग चक्रीवादळ. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरपेक्षाही जास्त! आमच्या वाटेवरच्याच गावांना, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, दापोली, साऱ्यांना त्याने झोडपलं. घरांवरची कौलं आणि पत्रे उडाले. नारळी-पोफळी मोडून पडल्या. वीज गेली, फोन बंद पडले.

७ जूनला पहिला रविवार होता. त्या महिन्यात पुढे राहायची पाळी कोणाची होती, माहीत आहे? चौदा नंबरची, म्हणजे आपल्या नववीत गेलेल्या मित्राची! संध्याकाळपर्यंत तेरा नंबर आले. त्याने सगळ्यांना एकच प्रश्न पाठवला, “नऊ नंबर कुठे आहे?”

दादाचा फोन लागेना. दुसऱ्या जिल्ह्यात जायला तेव्हा पास लागायचा. मुलाने वही मागवून घेतली आणि पत्ते चाळले. माणगाव आणि श्रीवर्धन एकाच जिल्ह्यात! वादळाचा तडाखा माणगावलाही बसला होता, पण सहा नंबरचे काका म्हणाले, “रस्ता मोकळा झाला की मी जातो.” दोन दिवसांनी ते म्हसळ्यामार्गे मोटरसायकलने गेले आणि एक चिठ्ठी घेऊन परत आले. चिठ्ठीत दादाने लिहिलं होतं, “नऊ. माणसं ठीक. छप्पर गेलं, वाडी झोपली.”

तो ‘नऊ’ वाचून आम्हांला काय वाटलं असेल, सांगा बरं!

मग प्रत्येकाने जमतील तसे पैसे काकांकडे पाठवले. त्यांनी ताडपत्री, मेणबत्त्या आणि पुढे छपराचं थोडं सामान पोचवलं. फार मोठी मदत होती का? नाही. पण दादाची आई नंतर फोनवर म्हणाली, “सामान काय हो, कुठूनही आलं असतं. आमची आठवण काढून कोणीतरी दारात आलं, ते मोठं.”

२०२२ च्या पावसाळ्यात आमच्यातले आठ जण एसटीने श्रीवर्धनला गेलो. सायकली नाहीत, हातात कुदळी! पोफळीची रोपं लावली. कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही, म्हणून सावलीसाठी जवळ केळी लावतात. तेही काम केलं. पोफळीला फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात. म्हणजे तितकी वर्षं वाडीची खबर विचारायला आम्हांला कारण मिळालं!

सगळे चौदा जण अजून नंबर पाठवतात का? नाही. तिघांनी हळूहळू थांबवलं. कोणी परदेशी गेलं, कोणाला वेळ होईना. त्यांच्यावर कोणाचाच राग नाही. त्यांचे नंबर आम्ही दुसऱ्या कोणाला दिलेले नाहीत. कधीही यावं आणि आपला आकडा ओरडावा.

तुमचीही सहल निघेल, शिबिर होईल, स्पर्धेसाठी परगावी जाल. नवे मित्र भेटतील. निरोपाच्या गडबडीत नुसतं “विसरू नकोस” म्हणू नका. आधी आईबाबांना आणि बाईंना किंवा सरांना विचारा. त्यांनी हो म्हटलं, की दोघा-तिघांचे पत्ते वहीत लिहून घ्या, पिनकोडसकट. महिन्यातला एक दिवस नक्की करा. आणि दोघांना मिळून करता येईल असं एखादं काम ठरवा. दोन्ही गावांतला पाऊस मोजायचा, पक्ष्यांची यादी करायची, एकच पुस्तक वाचायचं, काहीही चालेल.

आणि हो, एखाद्या महिन्यात मित्राचा नंबर आला नाही, तर रुसून बसू नका. “नऊ नंबर कुठे आहे?” असं आपण होऊन विचारा.