बॅटरीचा काय गुन्हा?

भाच्याचे लग्न तोंडावर आले होते. मुलाने हट्ट धरला आणि आम्ही गाडीत नवी म्युझिक सिस्टीम बसवून घेतली. डिकीत ॲम्प्लिफायर, मोठा बास. आवाज असा की काचा थरथरत.

लग्न झाले, आणि गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सुरूच होईना. बॅटरी चार वर्षांची, म्हणून नवी घेतली. आठवड्यात तीही उतरली. आम्ही दुकानदार चाचांकडे गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर बोललो, "चाचा, जुना माल आमच्या गळ्यात मारलात." त्यांनी बॅटरी तपासली, चार्ज करून दिली. एवढेच म्हणाले, "बेटा, बॅटरी चांगली आहे. गाडीतच काहीतरी करंट खातंय." आम्ही ऐकले नाही.

मग एका रात्री अम्मींना दम लागला. चावी फिरवली, तर नुसती टकटक. शेजारच्या रिक्षावाल्या दादांना उठवले. ते बनियनवरच धावत आले. अम्मी वेळेत दवाखान्यात पोहोचल्या, अल्हम्दुलिल्लाह.

दुसऱ्या दिवशी वायरिंगच्या कारागिराने गाडी बंद ठेवून, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून मध्ये मीटर लावला. बंद गाडीत घड्याळ वगैरेसाठी साधारण 50 मिलिॲम्पियरपर्यंत करंट जाणे ठीक. इथे जात होता 600. ॲम्प्लिफायरचा फ्यूज काढताच आकडा 30 वर आला. ॲम्प्लिफायरला 'चालू हो, बंद हो' सांगणारी बारीक रिमोट वायर स्टिरिओला जोडायची, ती बसवणाऱ्याने थेट बॅटरीच्या लाइनला जोडली होती. गाणे बंद, गाडी बंद, पण ॲम्प्लिफायर रात्रंदिवस जागाच. आमची बॅटरी 35 ॲम्पियर-अवरची; अडीच दिवसांत संपणारच! वायर जागेवर जोडायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

वर्गात आम्ही मुलांना रोज सांगतो, उत्तर चुकले तर आधी आपली रीत तपासा. घरी मात्र आधी माणसावर आळ घेतला.

संध्याकाळी चाचांच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक होते, बरेच झाले. ज्या आवाजात आरोप केला होता त्याच आवाजात म्हणालो, "चाचा, चूक आमची होती. माफ करा."

चाचांनी स्टूल पुढे सरकवले. "ते राहू दे. आधी सांग, अम्मी कशा आहेत?"