आभाळ पाहून निघावे

श्री सम्मेदशिखरजीच्या वंदनेला निघताना आपण सारी तयारी काटेकोरपणे करतो. रेल्वेचे आरक्षण, धर्मशाळेची खोली, पूजेची वस्त्रे, अर्घ्याची सामग्री, वृद्धांसाठी डोली. एक चौकशी मात्र बहुधा राहून जाते, ती शिखरावरच्या हवामानाची.

काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात पत्नी आणि थोरली बहीण यांच्यासह मी मधुबनला गेलो होतो. अक्कांचे वय 74. गुडघे थकलेले, पण आयुष्यात एकदा तरी वंदना घडावी ही त्यांची इच्छा. डोली ठरली होती. पहाटे तीनला निघायचे आणि दुसऱ्या दिवशी पारसनाथ स्टेशनवरून परतीची गाडी धरायची, असा बेत होता.

रात्री झोपण्यापूर्वी मी मोबाइलवर हवामान खात्याचा अंदाज पाहिला. गिरिडीह जिल्ह्यासाठी दुपारनंतर मेघगर्जना, वीज आणि सोसाट्याचा वारा असा इशारा होता. हा जिल्ह्याचा अंदाज होता, शिखराचा नव्हे. पारसनाथाचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे 1365 मीटर उंच आहे. दर 1000 मीटर चढाईला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, उघड्या कड्यावर वारा अधिक असतो आणि पायथ्यावरून जो ढग दिसतो तेच वर दाट धुके असते. शिवाय चैत्र-वैशाखात छोटा नागपूरच्या पठारावर कालबैसाखीची वादळे उठतात. सकाळ लख्ख असते. दिवसभर जमीन तापते आणि दुपार कलता कलता आभाळ भरून येते. नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर टोंकांची वंदना आणि नऊ किलोमीटर उतार, असा हा 27 किलोमीटरचा प्रवास. आमच्या वेगाने उतरताना दुपारचे तीन सहज वाजणार होते.

मी म्हटले, "अक्का, उद्या थांबू या. आरक्षण बदलून घेतो."

त्या दुखावल्या. "वीस तीर्थंकर जिथून मोक्षाला गेले, त्यांच्या दारात येऊन तू आभाळ कसले बघतोस? भगवंतावर भरवसा नाही का?"

मला उत्तर सुचेना. शेवटी एवढेच म्हणालो, "भरवसा आहे. पण डोली चौघांच्या खांद्यावर असते. वीज कडाडली, पायाखालचा दगड निसरडा झाला, तर तुम्ही बसलेल्या असाल, ते चालत असतील."

अक्का गप्प झाल्या. सकाळी ऊन स्वच्छ पडले. यात्रेकरूंचे जथे जयघोष करत कधीच वर गेले होते. अक्का दुपारपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. मलाही वाटू लागले, आपण उगाच भ्यालो का? अडीचच्या सुमारास पश्चिमेकडे काळोख दाटला. मग वारा, गारा आणि विजांचा थयथयाट. संध्याकाळी उशिरा लोक भिजून, थरथरत उतरले. सारे सुखरूप होते, पण डोलीवाल्यांपैकी एकाचा पाय घसरून घोटा मुरगळला होता. त्याचे पुढचे कित्येक दिवस रोजगाराविना जाणार होते. अक्कांनी स्वतः जाऊन त्याची विचारपूस केली आणि त्याच्या हातावर काही रक्कम ठेवली. रात्री त्यांनीच विचारले, "उद्याचे आभाळ काय म्हणते रे?"

दुसऱ्या दिवशी इशारा नव्हता. तरीही आम्ही दोनलाच निघालो आणि अकराच्या पुढे वर थांबायचे नाही असे आधीच ठरवले. भगवान पार्श्वनाथांच्या टोंकेवर अक्कांचे डोळे भरून आले होते.

अंदाज खरा ठरला म्हणून मी शहाणा ठरत नाही. वादळ आले नसते, तरीही तो निर्णय योग्यच होता. बँकेत कर्जप्रस्ताव तपासताना हेच शिकलो: निर्णयाचे मोल नशिबावर नव्हे, त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर ठरवावे. आणि जोखीम आपल्या पैशाची नसून दुसऱ्याच्या जिवाची असेल, तर तारण अधिक कडक हवे.

म्हणून यात्रेकरूंना एवढेच सांगावेसे वाटते. आदल्या रात्री आणि निघताना, असा दोनदा अंदाज पाहावा. दिवसाचा नव्हे, तासांचा पाहावा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते; ते मोबाइलमध्ये असू द्यावे. परतण्याची वेळ आधी ठरवावी. मेघगर्जना ऐकू आली तर झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीचा आसरा घ्यावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी तिथून हलू नये.

चालताना पुढची जमीन पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमितीची शिकवण. डोंगरावर जाताना जमिनीबरोबर आभाळही पाहावे. त्यात श्रद्धा उणी होत नाही, यत्नाचारच घडतो.