रंग पिकेपर्यंत

पाचोरा–जामनेर गाडी 2020 मध्ये थांबली आणि मी तिचं मॉडेल करायला घेतलं. शेंदुर्णी, पहूरवरून जाणारी ही नॅरोगेज. आमच्याकडे सगळे तिला ‘पीजे’च म्हणतात. तिच्या दोन रुळांतलं अंतर 762 मिलिमीटर. 1:87 च्या प्रमाणात ते पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येतं, म्हणून मॉडेलवाल्यांचे 9 मिलिमीटरचे रूळ तिला चालतात. डबे सनबोर्ड आणि स्टायरिनच्या शीटमधून कापले. कापणं-चिकटवणं मला येत होतं. रंग मात्र मला धुळ्याच्या एका पेंटरनानांनी दिला, आणि ते ऋण मी आजही मोजू शकत नाही.

धुळ्यात माझ्या मावशीच्या गल्लीत नानांचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या मागची अक्षरं, गाड्यांचे नंबर. फ्लेक्स आल्यावर काम आटलं, ब्रश मात्र रोज धुतलेले असायचे. कोरा डबा पुढे ठेवला तर त्यांनी तो कडांनी उचलला आणि आधी साबणाच्या पाण्यात बुडवला. बोटांचं तेल रंगाला धरू देत नाही. मग बारीक वॉटर पेपर, अगदी हलका, चकाकी मरेपर्यंत. थिनरचा रंग प्लास्टिकला थोडं खाऊन त्यात रुततो. पाण्यातलं अ‍ॅक्रिलिक तसं रुतत नाही, त्याला पकड लागते. म्हणून प्रायमरचं अस्तर आणि त्यावर पातळ हात. एक जाड हात वरून सुकतो आणि आत पाणी कोंडून ठेवतो, हे नानांचं ठाम मत होतं, आणि ते बरोबरच होतं.

डब्यासोबत सनबोर्डच्या एका तुकड्यालाही तेच हात द्यायला ते लावत. परीक्षा त्या तुकड्याची. बोटाची पाठ टेकवायचे, गार लागला की म्हणायचे, “सुकना, पण पिकना नही भो.” केळीचा घड बाहेरून पिवळा दिसला तरी आत कच्चा असतो, तसा. अ‍ॅक्रिलिक अर्ध्या तासात हाताला लागत नाही, पण पाणी उडून गेल्यावर रंगाचे कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा घट्ट व्हायला कित्येक दिवस जातात. आठवड्याने नाना तुकड्यावर ब्लेडने चौकटी ओढत, सेलोटेप दाबून झटक्यात उपटत. टेपला रंग आला नाही, तरच मास्किंग टेप डब्याला लावायची परवानगी.

आपल्या हवेचं शिक्षणही त्यांचंच. जळगावात मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की रंग ब्रशवरच सुकतो आणि डब्यावर खरखरीत दाणे बसतात. तेव्हा पहाटे उठून रंगवायचं, रंग ओल्या फडक्यावर पसरलेल्या बटर पेपरवर ठेवायचा. धुळ्यात जानेवारीत उलट. पहाटे पारा 10 च्या खाली उतरतो, त्या गारठ्यात कण कडकच राहतात, एकजीव होत नाहीत, आणि रंग भुकटीसारखा सुटतो. तेव्हा दुपारची वेळ. परदेशी रंगांच्या डब्यांवरच्या सूचनांत ही दोन टोकं मला कुठे सापडली नव्हती.

नानांनी आयुष्यभर फुटाफुटाची अक्षरं काढली. माझ्या डब्यावर त्यांनी दोन मिलिमीटरची काढली, भिंग लावून, श्वास रोखून, स्वतःच्या एनॅमलने. खालचं अ‍ॅक्रिलिक पुरतं पिकलेलं होतं, म्हणून एनॅमल त्यावर बसलं. मी पैसे विचारले. नानांनी डबा फिरवला आणि म्हणाले, “दुसरी बाजू ऱ्हायनी ना भो.”

नाना आता नाहीत. त्यानंतर केलेल्या डब्यांवर अक्षरं लिहायला मला कुणाला सांगावंसं वाटलेलं नाही. ते कोरेच आहेत.