कडुनिंबाची वही

वर्ध्याने २०१८ साली चक्क मतदान घेऊन नीलपंखाला शहरपक्षी निवडले. पण नीलपंख बसतो गावाबाहेरच्या शेतालगत, तारेवर. आपल्या मोहल्ल्यात कोण राहते? ते लिहून ठेवण्यासाठी मी आणि माझ्या लेकीने मार्चमध्ये वही घातली.

फजरनंतर पंधरा मिनिटे गच्चीवर बसायचे. तारीख, वेळ, पक्षी, संख्या. पहिला मान कोकिळाचा. गातो तो काळा नर, ठिपक्यांच्या मादीचा डोळा कावळ्याच्या घरट्यावर. मग तांबटाचे टुकटुक सुरू होते. भांडी ठोकल्यासारखा आवाज, आणि पक्षी मुठीत मावेल एवढा! कडुनिंब फुलल्यावर मधमाश्या आल्या. त्या कशा मोजणार? लेकीने लिहिले, ‘खूप’. मगरिबनंतर रातकिडे. ते तोंडाने ओरडत नाहीत, नर पंखावर पंख घासतो, हे तिनेच मला सांगितले.

चिमण्यांच्या रकान्यात मात्र रोज शून्य. अम्मीच्या कवेलूच्या घरात त्या आढ्याला घरटी करत. स्लॅबला फट कुठली? “शून्य कशाला लिहायचं?” लेक विचारते. मी म्हणते, लिही. नाहीतर पुढे कुणाला कळणार, त्या नेमक्या कधीपासून दिसेनाशा झाल्या?

डॉ. सलीम अलींची गोष्ट तिला पाठ आहे. लहानपणी त्यांनी पिवळ्या गळ्याची चिमणी टिपली. ही खाणे हलाल आहे का, म्हणून मामा अमिरुद्दीन तय्यबजींना विचारले. मामांनाही पक्षी ओळखेना. त्यांनी भाच्याला मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत धाडले, आणि तिथून ते पक्ष्यांचेच झाले.

आमची वही महिनाभरातच कामी आली. शेजारच्या चाचांनी कडुनिंब तोडायचे ठरवले होते. पाने नालीत साचतात, त्यांचे म्हणणे खोटे नाही. शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे मी सांगणार होते. पण कायदा काढला की शेजार तुटतो. लेकीने त्यांच्या ओसरीवर बसून वहीच वाचली: त्या एका झाडावर एकतीस दिवसांत अकरा जातींचे पक्षी.

चाचा तांबटापाशी थांबले. “रोज सकाळी टुकटुक करतो तो? मला वाटायचं, कुणाचा पंप आहे.”

झाड अजून उभे आहे. चाचा म्हणालेत, पावसाळ्यानंतर बघू. नाली दर जुम्याला आम्ही दोघी साफ करतो.