ससा हाती येईपर्यंत

पन्नास मीटरवर कागद असतो. 1 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच अंतरावरून नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. तिथं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं. नेम केसभर सरकला की दहाचे नऊ होतात. कागदाला काही दुखत नाही. पण कागदाच्या जागी आठशे मीटरवर रोही उभा असला, तर गोळी पोचायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात तो एक पाऊल टाकतो, आणि खांद्यामागं लागायची गोळी पोटात बसते. मग ते जनावर दोन शिवारं ओलांडून कुठल्या तरी उसाच्या फडात जाऊन मरतं.

ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण सारखी डोक्यात घोळते आहे. आपण ती यशाबद्दल वापरतो. मला मात्र त्यातला ससा दिसत राहतो: उबदार अंग, हाताला लागणारी काळजाची धडधड. दुर्बिणीतून मारणाऱ्याच्या हाती काय येतं?

नांदेडजवळ शिकारघाट गुरुद्वारा आहे. गुरू गोविंदसिंगांनी तिथं एका सशाची शिकार करून त्या जिवाला मुक्ती दिली, अशी श्रद्धा आहे. तो ससा मागच्या जन्मी कोण होता, हे गुरूंना ठाऊक होतं, असं कथा सांगते. आपल्याला समोरच्या जिवाची एवढी ओळख कुठं असते?

आणि म्हणीतला पारधी? फासेपारधी जमिनीत खुंट्या ठोकून फासांची रांग लावायचे. गायपारधी गाईच्या आडोशानं तितरांपर्यंत सरकायचे. वारा, माग, जनावराची सवय, सगळं त्यांना पाठ. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं त्यांच्यावर जन्मापासून गुन्हेगारीचा शिक्का मारला. 1952 साली तो कायदा गेला, पण गावाच्या नजरेतला शिक्का राहिला. बंदुकीनं दुरून वाघ मारणाऱ्या साहेबांचे आणि संस्थानिकांचे फोटो मात्र दिवाणखान्यात लागले. ससा ज्याच्या हाती सापडला, तो चोर ठरला.

तरी जवळून मारणं म्हणजे दया, असं म्हणवत नाही. फासात अडकलेलं हरीण रात्रभर तडफडत असेल. कसलेल्या नेमबाजाच्या गोळीनं ते क्षणात गेलं असतं. मग कागदावर वर्षानुवर्षं घासलेला नेमच जास्त दयाळू का? आणि लातूरकडं रानडुकरं एका रात्रीत हरभऱ्याच्या ओळीच्या ओळी उकरून ठेवतात. मातीत तुडवलेले घाटे सकाळी वेचणाऱ्या शेतकऱ्याला मी अंतराची नीती काय सांगू? लिहायला बसलो तेव्हा दोष अंतराचाच वाटत होता. आता तेवढीही खात्री उरली नाही.

मागणं एवढंच. पीक वाचवायला ज्याला रीतसर परवानगी मिळेल, त्यानं खात्रीच्या अंतरावरूनच बार टाकावा. जनावर जखमी होऊन पळालं, तर उजाडल्यावर का होईना, रक्ताच्या मागावर शेवटपर्यंत जावं.