वेरूळचे पाहुणे

मुलांनो, वेरूळची लेणी पाहिलीत का? छत्रपती संभाजीनगरहून एसटीनं गेलात, तर साधारण ३० किलोमीटर. (मंगळवारी मात्र जाऊ नका, लेणी बंद असतात!) एकूण ३४ लेणी आहेत: बौद्ध, हिंदू आणि जैन. सगळ्यांत जास्त गर्दी सोळाव्या लेण्यात, कैलासापाशी. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हे अख्खं देऊळ एकाच खडकातून कोरलं. तेही वरून खाली, म्हणजे आधी कळस!

तिथंच आणखी एक दृश्य दिसतं. परदेशी पाहुणा आला, की सहलीची मुलं त्याला घेरतात. “व्हॉट इज युअर नेम? व्हिच कंट्री? वन सेल्फी!” मुलांना नुसतं कुतूहल असतं हो, पण पाहुण्याला वाटतं, आपली उलटतपासणीच चाललीय.

असं का वाटतं? आपल्या मराठीत आदर क्रियापदात बसतो. ‘सांग’च्या जागी ‘सांगा’ म्हटलं, की झालं. इंग्रजीत आजोबाही ‘यू’ आणि धाकटा भाऊही ‘यू’च! मग आदर ठेवायचा कुठं? तो प्रश्नाच्या सुरुवातीला ठेवतात. आधी ‘एक्स्क्यूज मी’, म्हणजे आपलं ‘अहो, जरा ऐकता का?’ मग ‘मे आय’ किंवा ‘कुड यू’. फोटो काढून हवाय? “कुड यू टेक अ फोटो ऑफ अस, प्लीज?” नुसतं ‘टेक फोटो’ला ‘प्लीज’ चिकटवलं, तर हुकूम तो हुकूमच राहतो, बरं का!

गाव विचारायचंय? आधी आपलं नाव सांगा, मग म्हणा, “मे आय आस्क व्हेअर यू आर फ्रॉम?” ‘आर यू’चं ‘यू आर’ झालं, पाहिलंत? प्रश्नाच्या पोटात प्रश्न आला, की शब्द साध्या वाक्यासारखे लागतात. ‘गुड नेम’ मात्र विचारू नका. ते आपलं ‘शुभ नाव’, इंग्रजीत तसं म्हणत नाहीत. वय, पगार, लग्न हे प्रश्न आपल्याकडे एसटीत सहज विचारतात. तिकडच्या बऱ्याच लोकांना ते खटकतात. आणि पाहुणा ‘नो, सॉरी’ म्हणाला, तर “दॅट्स ऑल राइट, थँक यू” म्हणून बाजूला व्हायचं. जपान, थायलंडचे पाहुणेही इथं येतात. त्यांनीही इंग्रजी आपल्यासारखीच शिकून घेतलेली असते, तेव्हा सावकाश बोला.

गेल्या सहलीत आमच्या चौथीतल्या एका मुलीनं कैलासाच्या अंगणात, सोंड तुटलेल्या दगडी हत्तीजवळ, एका आजींना विचारलं, “एक्स्क्यूज मी, मे आय आस्क यू समथिंग? डू यू लाइक धिस टेंपल?” आजी पायरीवर बसल्याच! खूप बोलल्या. मग त्यांनीच विचारलं, “कुड यू टेल मी हाऊ दे मेड इट?”

पोरीला शब्द सापडेनात. तिनं कळसाकडं बोट दाखवलं, “फर्स्ट, टॉप!” आणि हात हळूहळू खाली, थेट जमिनीपर्यंत आणला.